तुपूचे कूळ आणि मूळ

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने पसरलेल्या अँडीज पर्वतराजीतील स्त्रियांचा पारंपरिक पोशाख मुळात न शिवलेल्या, मागावरून उतरवल्या तशाच अंगावर घेतलेल्या आयताकृती वस्त्रांचा असल्यामुळे, ती वस्त्रे जागच्या जागी राहण्यासाठी गाठ, पट्टा किंवा टाचणी यांपैकी कशाचा तरी आधार घेणे भाग होते, आणि तेथील डोंगराळ प्रदेशाने पट्ट्याच्या जोडीला धातूची लांब टाचणी पत्करली. केचुआ भाषेत या टाचणीला ‘तुपू’ म्हणतात. स्पॅनिश बखरकारांनी त्याच शब्दाचे ‘तोपो’ असे रूप केले आणि आयमारा भाषेत तिच्यासाठी ‘फिचि’ असा शब्द आहे. मराठीत ‘टाचणी’ म्हटले की कागद टाचण्याची बोटभरही नसलेली वस्तू डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हा शब्द येथे काहीसा तोकडा पडतो. मोठी तुपू वीतभराहूनही लांब असते, तिची दांडी टोकाकडे निमुळती होत जाते आणि वरचा माथा पसरट, बहुधा गोल किंवा अर्धचंद्राकृती असतो. दांडीचे काम वस्त्रात रुतण्याचे आणि माथ्याचे काम दिसण्याचे, अशी ही वाटणी आहे, व या वस्तूविषयी पुढे झालेले बहुतेक गैरसमज केवळ माथ्याकडे पाहून दांडीकडे आणि वस्त्राकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेले आहेत.

चांदीच्या तुपू आज जगभरच्या संग्रहालयांत आणि त्याहूनही अधिक संख्येने जुन्या वस्तूंच्या बाजारात आढळतात, आणि विक्रेत्याच्या चिठ्ठीवर बहुधा ‘इंका’ हा एकच शब्द लिहिलेला असतो. इंका साम्राज्याचा बहराचा काळ पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १५३२ पर्यंतचा, म्हणजे जेमतेम शंभर वर्षांचा. बाजारात फिरणाऱ्या चांदीच्या टाचण्या मात्र बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकातील किंवा त्याहूनही अलीकडच्या आहेत. तेव्हा एखाद्या तुपूचे मूळ ओळखायचे म्हणजे नेमके काय ओळखायचे, हे आधी ठरवावे लागते. टाचणी वापरण्याची रीत एका काळातली, माथ्याचा आकार दुसऱ्या काळातला, धातू तिसऱ्याच ठिकाणच्या खाणीतला आणि घडवणारा हात चौथ्याच समाजातला, असे एकाच वस्तूत सहज घडलेले असते. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे मराठीत म्हणतात. तुपूच्या बाबतीत शोध घ्यायला हरकत नाही, फक्त मूळ एकच सापडेल ही अपेक्षा सोडावी लागते.

सुरुवात वस्त्रापासून करणे योग्य ठरते. इंका काळातील स्त्री ‘अक्सू’ किंवा ‘अनाकू’ नावाचे मोठे आयताकृती वस्त्र काखेखालून अंगाभोवती गुंडाळून घेत असे, त्याची वरची कड मागून आणि पुढून दोन्ही खांद्यांवर ओढून तेथे एकेक तुपू खोचत असे व कमरेला ‘चुम्पी’ नावाचा विणलेला पट्टा आवळत असे. त्यावरून ‘लिक्ल्या’ नावाची चौकोनी शाल पाठीवरून घेऊन छातीवर आणखी एका, बहुधा लहान टाचणीने अडकवली जाई. या लहान टाचणीसाठी ‘तिप्की’ असा वेगळा शब्द होता. म्हणजे पूर्ण पोशाखाला तीन टाचण्या लागत, दोन जोडीने खांद्यांवर आणि एक छातीवर. हा हिशेब ध्यानात ठेवला तर पुढचे बरेच काही उलगडते, कारण जोडी ही अंगावरच्या वस्त्राची खूण आहे आणि एकेरी टाचणी ही शालीची. खांद्यांवरच्या दोन टाचण्या एकमेकींना दोरीने जोडता याव्यात म्हणून माथा आणि दांडी जेथे मिळतात तेथे लहानसे भोक पाडलेले असे; पुढे वसाहतकाळात त्या दोरीची जागा अनेकदा चांदीच्या साखळीने घेतली.

‘तुपू’ या शब्दाला केचुआ भाषेत ‘माप’ असाही अर्थ आहे आणि जमिनीच्या व अंतराच्या मोजणीसाठी तो वापरला जात असे. इंका मातेच्या पोटी जन्मलेला आणि पुढे स्पेनमध्ये राहून लिहिणारा गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात प्रत्येक जोडप्याला एक तुपू जमीन मिळे, मुलासाठी आणखी एक आणि मुलीसाठी अर्धी, अशी वाटणी नोंदवली आहे. टाचणी आणि माप यांच्यासाठी एकच शब्द असल्यामुळे दोहोंचा काही खोल संबंध असावा असे मानून रंगतदार तर्क लढवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु समान उच्चार म्हणजे समान उगम नव्हे, हे मराठी वाचकाला ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारी पट्टी या उदाहरणावरून वेगळे सांगायला नको.

टाचणीची रीत इंकांनी शोधून काढली नाही, हे पुरातत्त्वाने निर्विवादपणे दाखवले आहे. पेरूच्या उत्तरेकडील अंकाश प्रांताच्या डोंगराळ भागात इसवी सनाच्या पहिल्या सहा-सात शतकांत नांदलेल्या रेकुआय संस्कृतीच्या लोकांकडे मोठ्या माथ्याच्या तांब्याच्या टाचण्या होत्या. पाशाश या ठिकाणच्या उत्खननात श्रीमंत दफनातून अशा टाचण्या मिळाल्या आहेत. अँडीजच्या डोंगरातील आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील स्त्रियांच्या पोशाखात जुन्या काळापासून फरक होता. उत्तर किनाऱ्यावर सैलसर अंगरख्यासारखे वस्त्र चाले, त्याला खांद्यावर टाचणीची गरज नव्हती. म्हणून तुपू ही प्राधान्याने डोंगरातली, थंडीतली, लोकरीच्या जाड कापडातली वस्तू आहे, असे म्हणणे वाजवी ठरते. जाड लोकरीच्या विणीतून दांडी आत-बाहेर काढली तरी धागे बाजूला सरकतात, तुटत नाहीत. पातळ सुती कापडाला मात्र तीच दांडी कायमचे भोक पाडते.

इंकांनी जे केले ते वेगळे होते. त्यांनी या जुन्या वस्तूला एक ठराविक, साधे आणि साम्राज्यभर ओळखू येणारे रूप दिले. इंका तुपूचा माथा अर्धचंद्राकृती किंवा गोल, पातळ आणि सपाट, कसलेही नक्षीकाम नसलेला, केवळ घासून चकचकीत केलेला असतो. सौंदर्य आहे ते रेषेच्या नेमकेपणात. दांडी व माथा वेगळे करून जोडलेले नसून धातूची एकच कांब ठोकून, मधून मधून तापवून मऊ करीत, पुन्हा ठोकून दोन्ही घडवलेले असतात. चांदी ठोकता ठोकता कडक होत जाते आणि न तापवता ठोकत राहिल्यास चिरते, हे आपल्याकडचा सोनारही जाणतो. त्यामुळे माथ्याची पातळ कड ओढून काढणे हे हातोडी आणि आच यांचा मेळ साधण्याचे काम होते. किनाऱ्यावरील चिमू राज्य पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकल्यावर तेथील निष्णात धातुकारागीर इंकांनी राजधानी कुस्कोला नेले, असे सिएसा दे लेओन या स्पॅनिश बखरकाराने नोंदवले आहे. म्हणजे ज्या वस्तूला ‘इंका’ म्हणायचे ती घडवणारा हात चिमूचा असण्याचा संभव इंका काळातच निर्माण झाला होता.

निःसंशयपणे इंका काळातल्या म्हणता येतील अशा चांदीच्या टाचण्या मिळाल्या त्या मुख्यतः पर्वतशिखरांवर. इंका राज्यात ‘कापाकोचा’ नावाच्या विधीत मुले-मुली उंच शिखरांवर बळी दिली जात आणि त्यांच्यासोबत लहान मूर्ती पुरल्या जात. १९९५ साली योहान राइनहार्ड आणि मिगेल साराते यांना पेरूतील अंपातो शिखरावर गोठलेल्या अवस्थेत सापडलेल्या मुलीची शाल चांदीच्या तुपूने अडकवलेली होती. १९९९ साली राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांनी अर्जेंटिनातील ६,७३९ मीटर उंचीच्या युयाइयाको शिखरावर तीन मुलांची दफने शोधली. अशा दफनांतील सोने, चांदी आणि स्पॉन्डिलस शिंपला यांच्या स्त्रीमूर्तींना खऱ्या वस्त्रांच्या चिमुकल्या प्रतिकृती नेसवलेल्या आढळतात आणि त्या वस्त्रांना तितक्याच चिमुकल्या टाचण्याही खोचलेल्या असतात. या बाहुल्यांइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. वस्त्र कसे नेसावे, टाचणी कोठे आणि कोणत्या दिशेला टोक करून खोचावी, दोरी कशी जोडावी, हे सारे तेथे बर्फाने जागच्या जागी राखून ठेवले आहे.

परंतु इंका काळातली सर्वसामान्य टाचणी चांदीची नव्हती. सोने आणि चांदी हे राजघराण्याच्या व राजाने ज्यांना दिले त्यांच्या अधिकारातले धातू होते. इतर स्त्रियांच्या टाचण्या तांब्याच्या किंवा कांस्याच्या असत. हायरम बिंगहॅम यांच्या १९१२ च्या मोहिमेत माचू पिक्चू येथे मिळालेल्या तुपू मुख्यतः कांस्याच्या आहेत, आणि येल विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ सी. एच. मॅथ्यूसन यांनी तेथील कांस्य वस्तूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून १९१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंकांपूर्वी उत्तरेकडील कारागीर तांब्यात आर्सेनिक असलेले मिश्रण वापरीत, तर इंका साम्राज्यात कथिलाचे मिश्रण सर्वदूर पसरले, असे हेदर लेक्टमन यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. त्यामुळे कांस्याच्या टाचणीचे रासायनिक पृथक्करण तिच्या काळाविषयी बरेच काही सांगू शकते. चांदीच्या टाचणीला हा लाभ नाही, कारण चांदी वितळते आणि पुन्हा वितळते. १५३२ मध्ये काहामार्का येथे इंका राजा आतावाल्पा कैद झाल्यावर त्याच्या सुटकेसाठी गोळा झालेली सोन्याचांदीची भांडी आणि अलंकार पुढच्याच वर्षी मुशीत टाकून त्यांच्या लगडी करण्यात आल्या. इंका काळातील चांदी दुर्मीळ आहे याचे कारण ती कमी होती हे नसून ती उरू दिली गेली नाही हे आहे, आणि म्हणूनच ‘इंका चांदी’ ही चिठ्ठी बाजारात इतक्या सहजपणे लागलेली दिसली की संशय घ्यावा.

स्पॅनिश सत्ता आल्यावर पुरुषांचा पोशाख लवकर बदलला, स्त्रियांचा बराच उशिरा. त्यामुळे तुपू टिकली, एवढेच नव्हे तर वाढली. १६०८ साली लिमा येथे छापलेल्या दिएगो गोन्सालेस ओल्गिन यांच्या केचुआ शब्दकोशात आणि १६१२ साली छापलेल्या लुदोविको बेर्तोनिओ यांच्या आयमारा शब्दकोशात वस्त्रांची आणि टाचण्यांची तपशीलवार नावे येतात. १६१५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आणि १९०८ साली कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आढळलेल्या ग्वामान पोमा दे आयाला यांच्या सचित्र हस्तलिखितात इंका राण्यांच्या अंगावर तुपू रेखाटलेल्या आहेत. जेझुइट पाद्री बेर्नाबे कोबो यांनी १६५३ साली पूर्ण केलेल्या ग्रंथातला एक तपशील विशेष लक्षणीय आहे: टाचणीच्या माथ्याची कड इतकी पातळ आणि धारदार असे की स्त्रिया तिने निरनिराळ्या वस्तू कापत. हा उल्लेख वाचल्यावर रुंद, पातळ माथ्याचे प्रयोजन केवळ शोभेचे नव्हते, हे कळते. चाकू कमरेला न लावणारी स्त्री तो खांद्यावर बाळगत होती.

१५४५ साली आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर हाती लागला, आणि व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात सक्तीची पाळीपाळीची मजुरी व पाऱ्याच्या साहाय्याने धातू वेगळा करण्याची पद्धत तेथे जारी केल्यावर चांदीचे उत्पादन प्रचंड वाढले. जो धातू पूर्वी राजाच्या मर्जीने मिळे तो आता पैसा असलेल्या कोणाही स्त्रीला विकत घेता येऊ लागला. (याच अमेरिकी चांदीचा एक ओघ स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने सतराव्या शतकात सुरतेच्या टांकसाळीपर्यंत पोहोचून तेथे वितळला जाई आणि त्याचे मुघल रुपये पडत, त्या अर्थाने महाराष्ट्रातल्या जुन्या चांदीत आणि अँडीजच्या टाचण्यांत एकाच डोंगराचा अंश असणे अशक्य नाही.) कितो येथील सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्थानिक स्त्रियांची मृत्युपत्रे इतिहासकारांनी तपासली आहेत. अशा मृत्युपत्रांत चांदीच्या तोपोंची नोंद वस्त्रांबरोबर, मालमत्ता म्हणून येते. म्हणजे टाचणी हा अलंकार होता, तसाच तो अडीअडचणीला मोडता येणारा साठाही होता. स्त्रीधन हा शब्द येथे तंतोतंत लागू होत नसला तरी त्यामागचा व्यवहार मराठी वाचकाला परका वाटू नये.

याच काळात माथ्याचे रूप पालटले. इंका टाचणीच्या कोऱ्या, सपाट वर्तुळावर कोरीवकाम अवतरले: फुले, वेली, पक्षी, मत्स्यकन्या, हाब्सबुर्ग राजघराण्याचा दोन डोक्यांचा गरुड, किरणे फुटलेला सूर्य. दांडी आणि माथा वेगवेगळे घडवून चांदीच्या डाकाने जोडण्याची पद्धतही अनेकदा दिसू लागली, आणि टाचणी पालथी करून हा जोड पाहणे ही काळ ओळखण्याची माथ्यावरच्या नक्षीपेक्षा कितीतरी अधिक भरवशाची कसोटी आहे. पेरूच्या संशोधिका लुईसा वेत्तेर पारोदी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंका काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत तुपूचा आकार आणि घडण कशी बदलत गेली याचा मागोवा घेतला आहे. घडणीला आकाराच्या बरोबरीने स्थान देण्याची ही दिशाच योग्य आहे, कारण आकाराची नक्कल कोणीही करतो, घडणीची सवय मात्र कारागिराच्या हातातून सहजासहजी जात नाही.

युरोपातील चांदीच्या वस्तूंवर जसे कस पाहून मारलेले छाप असतात तसे तुपूवर बहुधा मिळत नाहीत. कायद्याने चांदीवर राजाचा पंचमांश कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून वस्तूवर छाप मारणे आवश्यक होते. पोतोसीच्या खाणींवरील हा कर १७३६ मध्ये दशमांशावर आणला गेला, तरीही पेरूच्या व्हाइसरॉयच्या अमलातील बहुसंख्य घरगुती चांदी छापाविनाच राहिली. स्थानिक कारागिराने स्थानिक स्त्रीसाठी घडवलेली टाचणी सरकारी कसवाल्यापुढे नेण्याचे कोणालाच कारण नव्हते. छाप नसणे हा म्हणून जुनेपणाचा पुरावा धरता येत नाही, आणि विक्रेते नेमका तोच अर्थ लावतात, ही खेदाची गोष्ट आहे.

१७८० मध्ये दुसऱ्या तुपाक आमारू याच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावानंतर होसे आन्तोनिओ दे आरेचे या अधिकाऱ्याने मे १७८१ मध्ये दिलेल्या निकालपत्रात इंका राजपोशाखावर, इंका राजांच्या चित्रांवर आणि त्यांच्या स्मृतीशी जोडलेल्या प्रथांवर बंदी घातली. हा रोख मुख्यतः सरदार घराण्यांच्या वेशावर होता. खेड्यातली स्त्री आपल्या शालीला टाचणी लावतच राहिली. एकोणिसाव्या शतकातील टाचण्या मोठ्या संख्येने शिल्लक आहेत, त्या याचीच साक्ष देतात. दक्षिण पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारावर या शतकात चमच्याच्या आकाराची तुपू लोकप्रिय झाली. तिचा माथा सपाट नसून खोलगट, युरोपीय चमच्याच्या वाटीसारखा असतो आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार दांडी असते. हा आकार इंका काळात नव्हता. ‘इंका चमचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टाचणीचे मूळ त्यामुळे कुस्कोच्या राजवाड्यात नव्हे तर स्पॅनिश जेवणाच्या मेजावर शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या टाचणीला काळ लावण्यासाठी दोन सोप्या खुणा उपयोगी पडतात. पहिली म्हणजे माथ्याला किंवा साखळीला डाक लावून बसवलेली नाणी. नाण्यावर जे साल असेल त्याच्या आधी ती जोडणी झालेली असू शकत नाही, मात्र नंतर कितीही वर्षांनी झालेली असू शकते. दुसरी खूण धातूची. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या ज्या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रणाला महाराष्ट्रात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्यालाच पेरू-बोलिव्हियात ‘आल्पाका’ असे नाव आहे, आणि लोकर देणाऱ्या अल्पाका या प्राण्याच्या नावाशी ते जुळत असल्यामुळे परदेशी पर्यटक हमखास फसतात. हे मिश्रण जर्मनीत १८२३ च्या सुमारास व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यात चांदीचा अंशही नसतो. आल्पाकाची टाचणी कितीही काळवंडलेली असली, तिच्यावर कितीही पुराणी मत्स्यकन्या कोरलेली असली, तरी ती १८२३ च्या मागे जाऊ शकत नाही.

दक्षिणेकडे चिली व अर्जेंटिनात राहणाऱ्या मापुचे लोकांची चांदीकला हे या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. इंकांना मापुचे पूर्णपणे जिंकता आले नाहीत, स्पॅनिशांनाही नाहीत. तरी इंका साम्राज्याची दक्षिण सीमा त्यांच्या प्रदेशाला भिडली होती आणि त्या संपर्काच्या खुणा भाषेत आहेत. मापुचे स्त्रीच्या शालीचे नाव ‘उकुया’ हे केचुआ ‘लिक्ल्या’पासून आलेले आहे आणि शालीच्या चपट्या, गोल माथ्याच्या टाचणीला तेही ‘तुपू’च म्हणतात, पोकळ गोळ्याच्या माथ्याची ‘आकुचा’ ही तिची बहीण. शब्द उत्तरेकडून आला, वस्त्र स्थानिक लोकरीचे, आणि धातू? मापुचे प्रदेशात चांदीच्या खाणी चालत नव्हत्या. १६४१ मध्ये कियिन येथे झालेल्या तहासारख्या वाटाघाटींनंतर सीमेवर जो दीर्घ व्यापार रुजला त्यात मापुचे आपली गुरे आणि त्यांनी विणलेले पोंचो विकत आणि बदल्यात स्पॅनिश चांदीची नाणी घेत. ही नाणी त्यांना बाजारात खर्चायची नव्हती. ‘रुत्राफे’ म्हणून ओळखला जाणारा मापुचे चांदीकारागीर ती वितळवून त्यांचे कपाळपट्टे, छातीवरचे अलंकार, घोड्याचा साज आणि टाचण्या घडवी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ही कला बहरली.

नाण्यांच्या चांदीचा कस ठाऊक असल्यामुळे येथे एक आशादायक वाट दिसते. सुमारे २७ ग्रॅम वजनाच्या आठ रेआल किमतीच्या नाण्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण १७२८ मध्ये ९१.७ टक्क्यांवर, १७७२ मध्ये ९०.३ टक्क्यांवर आणि १७८६ मध्ये ८९.६ टक्क्यांवर उतरवण्यात आले. टाचणीचा कस मोजला की तिच्यात कोणत्या काळातली नाणी गेली हे सांगता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण मुशीत एकाच वर्षाची नाणी जात नसत; जुनी मोडलेली टाचणी, आजीचा कपाळपट्टा आणि नवी नाणी एकत्र वितळत. कस फार तर एवढे सांगतो की ही चांदी नाण्यांची असावी. मापुचे तुपूचा विचार केला तर ‘मूळ’ या शब्दाची अडचण लख्ख दिसते: नाव कुस्कोचे, चांदी पोतोसी किंवा अन्य टांकसाळीतली, घडण रुत्राफेची आणि अंगावर घेणारी स्त्री अशा समाजातली की ज्याने या दोन्ही साम्राज्यांना दाद दिली नाही. तिला ‘इंका’ म्हणणे हे केवळ चुकीचे नव्हे, अन्यायाचेही आहे. १८६१ ते १८८३ या काळात चिलीच्या सैन्याने मापुचे प्रदेश ताब्यात घेतल्यावर जमिनी गेल्या, गुरे गेली, आणि घरातली चांदी गहाणवटीच्या दुकानांत जाऊन पडली. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या मापुचे टाचण्यांपैकी अनेक त्याच दुकानांमधून बाहेर आलेल्या आहेत.

उत्तरेला एक्वाडोरमधील सारागुरो समाजात चित्र याच्या उलट आहे. तेथील स्त्रिया काळ्या लोकरीची शाल आजही मोठ्या, किरणयुक्त गोल माथ्याच्या चांदीच्या तुपूने अडकवतात, माथ्याच्या मध्यभागी पुष्कळदा रंगीत काच बसवलेली असते, टाचणीला साखळी असते, आणि ती आईकडून मुलीकडे जाते. तेथे सारागुरो कारागीर अजून काम करतात. अशा टाचणीचे मूळ विचारायचे तर प्रयोगशाळेत जाण्यापेक्षा तिच्या मालकिणीला विचारणे सोपे आहे.

अन्यत्र तुपूचा ऱ्हास वस्त्रामुळेच झाला. अठराव्या शतकापासून अँडीजमधील अनेक भागांत स्त्रियांनी ‘पोयेरा’ नावाचा स्पॅनिश धाटणीचा चुणीदार घागरा आणि शिवलेली चोळी पत्करली. खांद्यावर वस्त्र अडकवण्याची गरज संपली आणि दोन टाचण्यांची जोडी निरर्थक झाली. शाल मात्र राहिली, म्हणून छातीवरची एकेरी टाचणी राहिली. पुढे अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८४९ साली पेटंट घेतलेल्या सेफ्टी पिनेने तीही जागा हळूहळू बळकावली. आज कुस्कोच्या परिसरातील बाजारांत शाल पांघरलेल्या बायकांच्या छातीवर बहुधा तीच दिसते. वस्त्र बदलले की टाचणी बदलते, हा नियम रेकुआय काळापासून या सेफ्टी पिनेपर्यंत कोठेच मोडलेला दिसत नाही.

संग्रहालयांतील आणि खाजगी संग्रहांतील बहुतेक तुपू एकेकट्या आहेत. त्यांतील कित्येकींच्या माथ्याखालच्या भोकात साखळीची एखादी तुटकी कडी अडकलेली असते, आणि त्या भोकाची एक बाजू झिजलेली असते, म्हणजे दुसऱ्या टोकाला एक जोडीदार टाचणी वर्षानुवर्षे लोंबत होती. वाटणीत, गहाणवटीत किंवा विक्रेत्याच्या सोयीसाठी या जोड्या फुटल्या, आणि फुटलेल्या प्रत्येक जोडीबरोबर ती कोणत्या प्रकारच्या वस्त्रावर होती याची साक्षही गेली. संग्रहात तुपू असलेल्या प्रत्येक संस्थेने नोंदवहीत ‘इंका’ हा शब्द लिहिण्यापूर्वी टाचणी उलटी करून जोडाचा डाक पाहावा, भोकाची झीज कोणत्या बाजूला आहे ते टिपावे आणि ती जोडीतली होती की एकेरी, एवढे तरी लिहून ठेवावे.